पदक चांदीचं आहे का?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते आणि जुनी सातबाराची कागदं, मोडके चष्मे, गंजलेल्या किल्ल्या यांच्या तळाशी एखादं पदक निघतं. फीत विरलेली, राजाचं नाक झिजलेलं, कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं. खानदेशात अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला: चांदीचं आहे का? जळगावचा सराफ बाजार ज्या मुलखात आहे, तिथे तो निघणारच. प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. घोळ होतो तो उत्तर मिळाल्यावर. ‘हो’ आलं की पदक मुशीत जातं, ‘नाही’ आलं की भंगारवाल्याकडे. म्हणून धातू ओळखायचा तो कशासाठी, हे आधी नीट ठरवलेलं बरं. पदकाचा धातू भावापेक्षा जास्त काही सांगतो. ते कुणासाठी पाडलं गेलं, हेही त्यावरून कळतं.

पहिल्या महायुद्धाचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ घ्या. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार, व्यास ३६ मिलिमीटर. सैनिकांना ते स्टर्लिंग चांदीत मिळालं, म्हणजे ९२.५ टक्के. श्रमिक तुकड्यांतून गेलेल्या भारतीय, चिनी, माल्टीज मजुरांना तेच पदक, त्याच ठशाचं, ब्राँझमध्ये दिलं गेलं. चांदीची पदकं लाखोंनी पाडली गेली, ब्राँझची त्यामानाने फार थोडी. त्यामुळे आज संग्राहकांत ब्राँझचं पदक सहसा चांदीच्या पदकापेक्षा महाग जातं. घरच्यांनी ‘हं, तांब्याचंच आहे’ म्हणून पोरांना खेळायला दिलेला तुकडा नेमका हा असू शकतो.

उलट बाजूचा भ्रमही तितकाच पसरलेला आहे. ‘आजोबांचं चांदीचं मेडल’ म्हणून जपलेलं पदक बहुतेक वेळा दुसऱ्या महायुद्धाचं असतं, आणि ‘वॉर मेडल १९३९-४५’ काय किंवा ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ काय, दोन्ही क्युप्रोनिकेलची, म्हणजे तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची आहेत. चांदीचा अंशही नाही. गंमत अशी की कॅनडाने आपल्या सैनिकांसाठी तेच ‘वॉर मेडल’ ८० टक्के चांदीत पाडून घेतलं. डोळ्यांना दोन्ही सारखीच. १९४७ चं स्वातंत्र्याचं ‘इंडियन इंडिपेंडन्स मेडल’ही क्युप्रोनिकेलचं. पंचम जॉर्जच्या कारकिर्दीचं १९३५ चं रौप्यमहोत्सवी आणि सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं १९३७ चं अधिकृत पदक मात्र चांदीचं, ३२ मिलिमीटरचं. त्याच प्रसंगी शाळकरी मुलांना वाटलेले बिल्ले पितळेचे, ॲल्युमिनियमचे, पांढऱ्या मिश्रधातूचे होते. धातूवरून मान ठरवायला गेलं तर इथेही पाय घसरतो: परमवीर चक्र ब्राँझचं आहे, त्याखालची महावीर आणि वीर चक्रं चांदीची. ऑलिंपिकचं निखळ सोन्याचं पदक शेवटचं १९१२ मध्ये दिलं गेलं. आताचं ‘सुवर्ण’पदक आतून चांदीचं असतं.

आता प्रत्यक्ष तपासणी. पहिला नियम न करण्याचा आहे: घासायचं नाही. दिवाळीच्या भांड्यांबरोबर चिंच, राख, टूथपेस्ट किंवा भांड्यांची पावडर लावून पदक लख्ख केलं की संग्राहकाच्या दृष्टीने त्याची निम्मी किंमत तिथेच गेली. शिवाय पुरावाही जातो, कारण वरचा डागच आतल्या धातूची साक्ष देत असतो. चांदीवरचा काळेपणा तपकिरीतून काळ्याकडे जातो आणि कडेशी निळसर-जांभळी झाक दाखवतो. जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, ज्यात नावापुरतीही चांदी नसते, ते पिवळट-हिरवट होतं. खोलगट जागी हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर आत तांबं आहे, मग मिश्रणात असेल किंवा मुलाम्याखाली. पांढरी पिठूळ पूड शिशावर किंवा जस्तावर येते. नारिंगी गंज म्हणजे लोखंड.

दहापट भिंग घ्या आणि उंचवट्यांवर फिरवा: नाक, कानाची पाळी, मुकुटाचं टोक, अक्षरांच्या कडा, आणि कडी जिथे वर्षानुवर्षं घासते ते भोक. मुलामा झिजतो तो याच ठिकाणी. आजूबाजूला रुपेरी आणि नाकाच्या शेंड्यावर मात्र पिवळा ठिपका दिसला तर आत पितळ आहे. ठिपका लालसर असेल तर तांबं, मळकट करडा असेल तर शिसं किंवा जस्त. भिंगातून हा ठिपका कसा दिसतो ते सांगायला हवं, कारण साचलेला मळही पिवळट दिसतो. झिजलेल्या मुलाम्याची कड विरत जाते. रुपेरी रंग पातळ होत होत पिवळ्यात मिसळतो आणि ठिपका बरोबर सर्वांत उंच जागी असतो. मळ खोलगट जागी साचतो आणि त्याची कड स्पष्ट असते. मुलामा पोपडा होऊन सुटला असेल तर तिथे पायरी दिसते.

मग कड वाचा. ब्रिटिश पदकांच्या कडेवर अनेकदा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी कोरलेली असते. फ्रान्सच्या टांकसाळीच्या पदकांवर तर धातूच लिहून ठेवलेला असतो. १८८० पासून कडेवर फळाफुलांनी भरलेल्या शिंगाचा छोटा ठसा आणि शेजारी ‘ब्राँझ’, ‘क्विव्र’ म्हणजे तांबं, किंवा ‘अर्जाँ’ म्हणजे चांदी. कडेवर बारीक रेघ पूर्ण गोल फिरलेली दिसली तर सावध व्हा. दोन अर्ध्या कवच्या जोडलेलं किंवा साच्यात ओतलेलं पदक तशी रेघ दाखवतं. ठशाने पाडलेल्या पदकाला ती नसते.

चुंबक सगळ्यांकडे असतो आणि सगळे तो चुकीचा वापरतात. चिकटलं नाही म्हणजे चांदी, असा समज आहे. तांबं, पितळ, ब्राँझ, शिसं, कथील, ॲल्युमिनियम, क्युप्रोनिकेल यांतलं काहीच चिकटत नाही. चुंबक सांगतो तो एवढंच, की आत पोलाद किंवा शुद्ध निकेल आहे की नाही. १९४७ चा आपला रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो टपकन उडी मारतो. पदकाची पिन आणि कडी पुष्कळदा लोखंडी असते, म्हणून चुंबक चकतीला लावायचा, कडीला नाही. छोट्या निओडिमियम चुंबकाचा आणखी एक उपयोग आहे. पदक साधारण ४५ अंशांत तिरपं धरून त्यावर पातळ कागद ठेवा आणि चुंबक घसरू द्या. चांगल्या चांदीवर आणि तांब्यावर तो रेंगाळत उतरतो, कारण धातूत भोवरी विद्युतप्रवाह तयार होऊन त्याला मागे ओढतात. क्युप्रोनिकेल, जर्मन सिल्व्हर, शिसं यांवरून तो सरळ निसटतो. पण निकेल मिसळलेल्या ५० टक्के चांदीवरही तो बऱ्यापैकी वेगाने उतरतो. या एका परीक्षेवर कुणाची चांदी नाकारू नये.

खरं बोलते ती घनता. रंगावर मुलामा चढतो, नाद पिनेने दबतो; वजन आणि आकारमान यांचं गुणोत्तर मात्र सहज फसवता येत नाही. साहित्य घरातलंच: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, काचेचा पेला, गळाचा बारीक नायलॉनचा धागा आणि बॅटरीत घालायचं पाणी, जे कोणत्याही गॅरेजच्या दुकानात मिळतं. बोअरचं पाणी नको. त्यातल्या क्षारांनी आकड्यात फारसा फरक पडत नाही, पण वाळल्यावर पदकावर पांढरे डाग राहतात. फीत काढून घ्या. मीना केलेलं, काच बसवलेलं, डिंकाने जोडलेलं पदक पाण्यात घालूच नका.

आधी पदक कोरडं तोला. मग पेला पाऊण भरून काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पदक धाग्याला बांधून, वर आडव्या धरलेल्या काडीवरून पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा. तळाला किंवा पेल्याच्या भिंतीला लागता कामा नये. काट्यावर आता जो आकडा येईल ते पदकाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळाली.

हात बसवायला घरातला लक्ष्मीपूजनाचा रुपया काढा. पंचम जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. पाण्यातला आकडा १.१३ यायला हवा, म्हणजे घनता १०.३. रुपया झिजून ११.४ ग्रॅमचा झाला असला तरी घनता तीच येते. घनतेला झिजेशी देणंघेणं नाही. १९४० ते १९४५ चा रुपया वजनाला तेवढाच, पण त्यात चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. त्याची घनता साडेनऊच्या आसपास. दोन्ही रुपयांचे आकडे बरोबर आले तरच पदकाला हात लावा.

चुका कुठे होतात? पदक तळाला टेकलं तर त्याचं वजनही काट्यावर पडतं आणि उत्तर भलतंच खाली येतं. धागा सुती असेल तर पाणी पितो. बुडबुडे हा सगळ्यांत लबाड प्रकार: अडीच-तीन मिलिमीटरचा एक बुडबुडा साधारण ०.०१ ग्रॅमची चूक करतो, आणि रुपयाएवढ्या पदकात तेवढ्याने १०.३ चे १०.२ होतात. माठातलं गार पाणी घेतलं की ते तापताना त्यातली हवा सुटून पदकाला चिकटते. म्हणून पाणी उकळून, झाकून, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की अक्षरांच्या बेचक्यांतली हवाही निघते. आणि पंखा बंद, कूलर बंद. वैशाखात जळगाव-भुसावळकडे हे सांगणं सोपं नाही, पण वाऱ्याच्या झोतात काट्याचा शेवटचा आकडा थरथरत राहतो.

वैशाखाचाच आणखी एक घोळ. सगळं गणित पाण्याची घनता १ धरून केलेलं असतं. २५ अंशांना ती ०.९९७ असते, तिथवर दुर्लक्ष चालतं. पण गच्चीवरच्या टाकीजवळ ठेवलेल्या कॅनमधलं पाणी दुपारी ४० अंशांचं असलं तर घनता ०.९९२ होते आणि १०.३४ ची चांदी १०.४२ दिसायला लागते, म्हणजे ९१.७ चा टंच (चांदीच्या शुद्धतेचा टक्का) ९५ च्या वर गेल्यासारखा वाटतो. आलेलं उत्तर ०.९९२ ने गुणलं की झालं. थर्मामीटर नसेल तर हे काम पहाटे करावं.

काट्याची कुवतही ओळखून असावी. ११.६६ ग्रॅमच्या तुकड्यात पाण्याचा आकडा १.१२ ते १.१४ असा हलला तर घनता १०.४१ पासून १०.२३ पर्यंत हलते. एवढ्या पट्ट्यात ९०, ९१.७, ९२.५ टक्के सगळेच बसतात, तेव्हा लहान पदकावरून टंचाचा दावा करू नये. ‘चांगली चांदी आहे’ इथवरच थांबावं. त्याउलट भारत सरकारची ५० टक्के चांदीची अनेक स्मारक नाणी ४४ मिलिमीटरची आणि ३५ ग्रॅमची आहेत. त्यात एका अंकाची चूक घनतेत जेमतेम ०.०३ चा फरक करते. वजनदार पदक जास्त खरं बोलतं. लहान पदकासाठी सराफाचा तीन दशांश स्थळं दाखवणारा काटा हवा.

आकडा आला की त्याचं काय करायचं? २.७ म्हणजे ॲल्युमिनियम, त्यात वाद नाही. ६.६ ते ६.८ हा जस्ताचा ओतीव मिश्रधातू, आजकालच्या क्रीडास्पर्धांची बहुतेक पदकं याच घरातली. ७.३ च्या जवळ कथील. ७.७ ते ७.९ पोलाद, जे चुंबकाने आधीच सांगितलेलं असतं. ८.४ ते ८.७ मध्ये पितळ आणि जर्मन सिल्व्हर शेजारी-शेजारी बसतात, त्यांना रंग वेगळं करतो. ८.७ ते ८.९६ ही खरी गर्दीची जागा: ब्राँझ, क्युप्रोनिकेल, तांबं. वर चांदीचा मुलामा असेल तर इथे घनता हात टेकते. ९.५ म्हणजे ५० टक्के चांदी, १०.१ म्हणजे ८० टक्के, १०.३ ते १०.४ म्हणजे नव्वदीतली. शुद्ध चांदी १०.४९. रुपेरी पदकाचा आकडा याच्या वर गेला तर आनंद नको, शंका घ्या: शिशाची घनता ११.३४ आहे. शिसं आणि कथील योग्य प्रमाणात मिसळून हुबेहूब १०.३ आणता येते. असं पदक बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने टिचकी मारली की थप्प वाजतं, आणि त्यावर चुंबकही रेंगाळत नाही. ओतीव नकलेत आत हवेची छिद्रं राहतात, त्यामुळे खऱ्या चांदीची नक्कलसुद्धा १० च्या खाली जाऊ शकते. डाक दिलेली, न निघणारी कडी असेल तर आलेला आकडा सगळ्यांचा मिळून सरासरी आहे, हे विसरू नये.

घनतेचा एक सामाजिक उपयोगही सांगून टाकतो. हनुमान किंवा रामदरबार असलेलं, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं तांब्याचं नाणं दाखवून, ते तांदूळ ओढतं, त्यात इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देईल, असं सांगणारे भेटतात. कंपनीने तशी नाणी कधी पाडलीच नाहीत. आणि इरिडियमची घनता २२.५ च्या वर आहे. पेला, धागा आणि काटा पुढे ठेवला की समोरच्याला एकदम दुसरं काम आठवतं.

कसोटीचा दगड आणि तेजाब सोन्याचांदीच्या व्यवहारात ठीक आहेत, पदकाला नाहीत. दगडावर रेघ ओढायची तर कड घासावी लागते, आणि मुलामा जाड असेल तर रेघही मुलाम्याचीच उमटते. खात्री करायला सोनार कडेला कानस लावतो. ती खाच कायमची. कडेवरचं नाव त्यात गेलं तर पदकाची ओळखच पुसली जाते.

आता राहिलं टंच काढायचं मशीन, म्हणजे एक्सआरएफ. क्ष-किरण टाकून परत येणाऱ्या किरणांवरून ते मूलद्रव्यं ओळखतं. मिनिटभरात चिठ्ठी मिळते आणि पदकाला ओरखडाही उठत नाही. धातू ओळखण्याचा हा आजचा सर्वांत सोयीचा मार्ग आहे, पण चिठ्ठीवरचे दोन दशांश पाहून लोक भारावतात. मशीन मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढंच आत पाहतं. जाड मुलामा असला तर ते प्रामाणिकपणे मुलाम्याचाच टंच सांगतं. निखळ जुन्या चांदीतही गडबड होते: पाडताना चकत्या आम्लात उजळवल्या जात, त्याने वरच्या थरातलं तांबं निघून जाई आणि पृष्ठभागावर चांदी जास्त राही. ९१.७ च्या पदकाची चिठ्ठी म्हणून ९५-९६ दाखवू शकते. मशीन सोन्याच्या सेटिंगवर ठेवलेलं असेल तर निकेल, जस्त, कथील यांचे आकडे बेभरवशाचे येतात. ॲल्युमिनियमसारखं हलकं मूलद्रव्य तर उघड्या हवेत ते जवळपास पाहूच शकत नाही.

म्हणून चिठ्ठी आणि घनता शेजारी-शेजारी ठेवून वाचायची. एक कातडी सांगते, दुसरी सगळं अंग. चिठ्ठी ९८ टक्के चांदी म्हणते आणि घनता ८.९ येते, तर ते तांब्याच्या घरातल्या धातूवर दिलेलं चांदीचं पाणी आहे. चिठ्ठी ९५ म्हणते आणि घनता १०.३, तर जुनी उजळवलेली चांदी. दोन्ही जुळल्या तर वाद संपला.

सराफाकडे जाताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्या. पहिली, मोडायचं नाही, फक्त टंच बघायचा आहे. हे आधी न सांगितल्याने पदक सवयीने कापून पाहिलं जातं. दुसरी, तीन ठिकाणी मोजा: सपाट जागा, झिजलेला उंचवटा आणि कड. तिन्ही आकडे जवळपास आले तर मुलाम्याची शक्यता बरीच कमी होते. उंचवट्यावर तांबं किंवा जस्त एकदम वाढलं तर मुलामा उघडा पडला. तिसरी, फक्त चांदीचा टक्का नको, सगळ्या मूलद्रव्यांची यादी छापून द्या. चांदीबरोबर निकेल आणि जस्त प्रत्येकी पाचच्या जवळ दिसलं तर १९४० नंतरच्या भारतीय टांकसाळीच्या मिश्रणाची शक्यता दाट होते, आणि कुणी तेच पदक १९११ च्या दिल्ली दरबाराचं म्हणून विकत असेल तर बोलणं तिथेच थांबवता येतं.

घरी आल्यावर एका जाड कागदावर कोरडं वजन, पाण्यातला आकडा, पाण्याचं तापमान, व्यास, कडेवरची अक्षरं जशीच्या तशी, आणि ज्यांना ते मिळालं त्यांचं नाव-गाव लिहून ठेवा. टंचाच्या चिठ्ठीची शाई उडते, तिचा फोटो काढा. पदक मऊ प्लास्टिकच्या पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, त्याने तांब्यावर हिरवा चिकटा येतो. रबरबँड आणि लोकरी कापड चांदीला काळं करतं. शिशाचं पदक लाकडी खणात ठेवलं तर लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी त्यावर पांढरी पूड धरते. कडक पारदर्शक डबी, आत सिलिका जेलची पुडी, आणि पावसाळा संपला की ती पुडी बदलायची.